भिंतीवर ऐकलेली कादंबरी

रंगारीदादांना सगळे दादाच म्हणत. शेजारीपाजारी म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, ज्यांच्या भिंतींना दादांचा ब्रश कधी लागला नव्हता तेही म्हणत. फार कशाला, मुलगी बघायला गेले तेव्हा होणारे सासरेच चुकून 'या दादा, बसा' म्हणून गेले, आणि मग घरात तेच चालू राहिलं.

माणूस काठीसारखा सडसडीत. चालताना एक खांदा वर, कारण आयुष्यभर एक हात वर. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी भिंतीवर तळहात ठेवणार, मग खुर्चीवर बसणार. घरधनी विचारी, "काय दादा, ओल आहे का?" दादा म्हणत, "ओल नाही, पण घाई झालीय. पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलाय." माणसांबद्दलही त्यांचं बोलणं ह्याच भाषेत. एखादा फार गोडगोड बोलायला लागला की हळूच म्हणायचे, "ह्याच्या आत भेगा बुजवायची पुट्टी बरीच दिसतेय."

शाळा त्यांची बेताचीच झाली होती. वाचता यायचं, नाही असं नाही, पण दुकानाची पाटी वाचायची तर पाटीखाली थांबावं लागे, आणि तोवर दुकानदार बाहेर येऊन 'काय हवंय' विचारी. ह्याच्या अगदी उलट त्यांची बायको. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या काकू. वाचनालयातून जाड पुस्तक आणायचं, ते भात शिजताना वाचायचं, भात करपला की तिथं खूण घालून पातेलं उतरवायचं. लग्न झाल्यावर त्यांना वाटलं, नवऱ्यालाही गोष्ट ऐकवावी. संध्याकाळी दादा हातपाय धुऊन खुर्चीत बसले की त्या वाचायला घेत. पहिलं पान बरं जाई. दुसऱ्या पानावर दादा घोरू लागत. दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानापासून. असं करता करता काकूंना एका कादंबरीचं पहिलं पान तोंडपाठ झालं आणि दादांना दुसरं पान कधी कळलंच नाही.

एक दिवस काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसलात की झोपता. उभ्यानं तर नाही ना झोपत?"

"उभ्यानं झोपलो असतो तर आत्तापर्यंत शिडीवरून पडलो असतो," दादा म्हणाले.

"मग मी उभ्या माणसासाठी वाचते."

तिथून ते सुरू झालं. काकू दुपारी छोट्या रेकॉर्डरपुढं बसून वाचायच्या. त्यातलं नखाएवढं कार्ड काढून सकाळी दादांच्या डब्यात घालायच्या. डबा म्हणजे गाणी वाजवायचा बॅटरीवरचा डबा, पण त्याचा मूळ रंग कोणता होता हे आता बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. जितकी घरं रंगवली तितके ठिपके त्याच्यावर. म्हणून त्याचं नाव ठिपकेवाला. बटण तुटलं तर दादांनी बाटलीचं झाकण चिकटवलं होतं, एरियलच्या जागी तार होती, आणि मागचे चारही स्क्रू चार वेगवेगळ्या घरचे. पण स्वभावानं फार मोकळा. कोणाचंही कार्ड घाला, वाजायचा. एकदा घाईत दादांच्या जोडीदाराच्या मेव्हण्याचं कार्ड आत गेलं, त्यात कोंबड्यांच्या रोगांवर व्याख्यान होतं. तेही त्यानं तितक्याच मन लावून वाजवलं, आणि दोघांनी एका वकिलांचं अख्खं स्वयंपाकघर कोंबड्यांच्या सर्दीवर रंगवून काढलं.

हा जोडीदार म्हणजे लंबू. छताचं काम त्याच्याकडे, कारण इतरांना शिडी लागते तिथं त्याला नुसतं स्टूल पुरतं. त्यालाही काकूंच्या वाचनाची चटक लागलेली.

दादांनी एक नियम केला होता: पुस्तक फक्त भिंतीवर ऐकायचं, घरी नाही. घरी आलं की जेवताना त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे भांडायचं. कोण चुकलं, कोणी माघार घ्यायला हवी होती, कोणाला काकूंनी मुद्दाम खडूस आवाज दिला. दुसऱ्यांच्या घरात भांडणं होतात ती सासूसुनेवरून. ह्यांच्या घरात पुस्तकातल्या माणसांवरून व्हायची, आणि ताट रिकामं झालं तरी दोघांचे हात ताटातच वाळत.

तर असं छान चाललेलं असताना मुलीचे दिवस भरत आले, आणि काकूंनी बाळंतपणाला तिच्या घरी जायचं ठरलं. गाव लांबचं. जावई न्यायला आले ते दोन नवे फोन आणि टीव्हीला जोडायचा एक काळा चौकोन घेऊनच आले.

"बाबा, हे तिन्ही एकाच कंपनीचे," जावई खोकी उघडत म्हणाले. "आमच्या घरीही सगळं ह्यांचंच आहे. हे सगळे आपसांत बोलतात. टीव्हीवर अर्धं पाहिलेलं फोनवर तिथूनच पुढं सुरू होतं. फोटो इकडे काढला की तिकडे दिसतो. आणि फोन पाण्यात पडला तरी आतलं काही जात नाही."

ते शेवटचं ऐकून काकूंनी कान टवकारले. त्यांचा आधीचा फोन बादलीत पडून मुलीचे लहानपणचे सगळे फोटो गेले होते. आणि खरं सांगायचं तर दादाही हरखले. टीव्हीवर बातम्या लावायच्या, अर्ध्यावर सोडून फोन घेऊन अंगणात जायचं, तिथं बातम्या ऐकायच्या, परत आत यायचं. आतबाहेर आतबाहेर करून त्यांनी घरातल्या सगळ्यांची करमणूक केली.

मग त्यांनी ठिपकेवाला आणून टेबलावर ठेवला. "आणि आमच्या ह्यांच्याशी बोलतील का हे?"

जावयांनी ठिपकेवाल्याकडे पाहिलं. सभ्य माणूस, हसले नाहीत. "नाही बाबा. ते ह्या कंपनीचं नाही ना."

"म्हणजे घराण्याबाहेर सोयरीक करत नाहीत."

"तसंच समजा. पण त्याची गरजच नाही. आई तिकडे ह्या फोनवर वाचतील, त्यात खास वाचनाची सोय आहे. वाचून झालं की ते आपोआप तुमच्या फोनमध्ये येईल. कार्ड नको, काही नको."

काकूंनी आनंदानं नवं पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेल्या. जुना रेकॉर्डर फडताळात राहिला.

नवं पुस्तक म्हणजे एका नावाड्याची गोष्ट. त्याला दोन मुली. थोरलीनं बापाच्या मनाविरुद्ध पलीकडच्या काठावर लग्न केलेलं. बाप रोज शंभर माणसं त्या काठाला पोचवतो, पण स्वतः होडीतून खाली पाय ठेवत नाही. पहिली काही प्रकरणं काकूंनी जायच्या आधीच कार्डावर वाचून दिली होती. लंबू तर असा गुंतला होता की पूल दिसला तरी उसासे टाकायचा.

कार्डावरचं संपलं आणि फोनमधलं सुरू झालं. दादा फोन घेऊन कामावर गेले. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, सामान हलवून खोल्या रिकाम्या केलेल्या, आणि काम होतं पुट्टी घासायचं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं: पुट्टी घासताना जी पांढरी भुकटी उडते ती पापण्यांवर, भुवयांवर, कानात, सगळीकडे बसते. तासाभरात माणूस पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा दिसतो. आणि फोनची रीत अशी की एक प्रकरण संपलं की पुढच्याला बोट लावायचं. बोट लावायचं तर आधी फोन उघडायचा. उघडायचा तर त्याला तोंड दाखवायचं.

दादांनी तोंड दाखवलं. फोननं ओळख दिली नाही.

त्यांनी भुवया पुसल्या, पुन्हा दाखवलं. नाही. मग आकडे दाबायला गेले, तर बोटांवर पुट्टी, काचेला बोट लागेचना. लंबू वरून म्हणाला, "दादा, नाकानं दाबा." दादांनी नाकानंही दाबून पाहिलं. नाकावर काय कमी पुट्टी होती? भलतेच आकडे दाबले गेले, आणि फोननं दार लावून घेतलं, आता थोड्या वेळानं या म्हणाला.

"सोवळ्यातला आहे हा," लंबू म्हणाला. "अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाही."

त्यातच वर छताला प्रायमरचा पहिला हात मारणाऱ्या लंबूच्या रोलरवरचा एक थेंब फोनच्या अगदी शेजारी पडला. दादांनी फोन झटकन उचलून पिशवीत टाकला. लेक-जावयांनी दिलेली वस्तू. त्या दिवसापासून फोन घरीच राहू लागला. संध्याकाळी खुर्चीत बसून ऐकायचा प्रयत्न केला, नियम मोडून. दुसऱ्या पानाला काय झालं ते सांगायला नको.

काम तेच, भिंती त्याच, पण दवाखान्यात नुसता घासण्याचा आवाज. लंबू विचारी, "थोरलीचं काय झालं हो?" दादा म्हणत, "मला काय विचारतोस, मी काय नावाडी आहे?"

ह्याहून वाईट झालं ते संध्याकाळच्या फोनचं. तिकडे बाळ झालं होतं, आणि रोज काकूंचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"बाळ?"

"झोपलंय."

"बरं."

पुढं काही नाही. इतकी वर्षं एका ताटावर भांडणारी दोन माणसं, आणि आता त्यांच्यामध्ये 'बरं' एवढाच शब्द उरला. दादा फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसायचे. काकूंनी एकदा विचारलंच, "कुठपर्यंत आलात पुस्तकात?"

"आलोय की. नदीपर्यंत."

"अहो, सगळं पुस्तक नदीवरच आहे."

दादा टेबलावरचा रंगाचा ठिपका नखानं खरवडू लागले.

"आवडत नसेल तर तसं सांगा," काकू म्हणाल्या. आवाज उतरला होता. "बाळ झोपलं की मीही जरा पडेन. उगाच घसा कोरडा करायचा कोणासाठी?"

खरं कारण सांगावं तर पलीकडे मुलगी आणि जावई त्याच खोलीत, आणि बोलणं सगळ्यांना ऐकू येतंय. एवढ्या हौसेनं दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? दादा म्हणाले, "वाच गं, ऐकतोय मी." पण ते ज्या आवाजात म्हणाले त्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता.

फोनमधलं वाचन ठिपकेवाल्यात कसं घालायचं ते विचारायला दादा मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार बाई मोठ्या मायाळू. म्हणाल्या, "आजोबा, ह्यातलं बाहेर काढता येत नाही. डबाही ह्यांचाच घ्यावा लागेल." आणि तो दाखवला. पांढरा, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. दादांनी तो उलटापालटा केला.

"ह्याला बॅटरी कुठून घालायची?"

"घालायची नसते."

"आणि उघडायचा कसा? स्क्रू दिसत नाही."

"उघडायचा नसतो. बिघडला तर बदलून मिळतो."

"रिकाम्या घरात वाजेल? इंटरनेट नसलेल्या?"

"नाही, तेवढं लागतंच," बाई म्हणाल्या. दादांनी तो डबा जपून परत ठेवला, हातातून निसटेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबूला सगळं सांगितलं. लंबू छताचा कोपरा घासत होता. घासता घासता म्हणाला, "दादा, वहिनी फोनमध्ये बोलल्या तर आवाज बाहेर येतो ना?"

"येतो."

"मग तो हवेतून कोणाच्याही कानात जातो. हवा काय घराणं विचारते? जुना रेकॉर्डर समोर ठेवा की."

दादांनी हातातला घासायचा कागद खाली ठेवला आणि लंबूकडे असं पाहिलं की लंबूला वाटलं, आपलं काही चुकलं.

त्या संध्याकाळी दादा घासून घासून तोंड धुऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. फोननं लगेच ओळखलं. समोर जुना रेकॉर्डर ठेवला, दोघांची तोंडं एकमेकांकडे, स्थळ दाखवायला बसवल्यासारखी. पण आता एक नवाच पेच आला. वाजताना ऐकू येणार, आणि नियम तर भिंतीवरच ऐकायचा. आधी कळलं तर उद्या मजा काय? आणि बसून ऐकलं तर झोपच. शेवटी त्यांनी दोन्ही कानांत घट्ट कापूस भरला, बटणं दाबली आणि निश्चिंत मनानं भात टाकायला घेतला.

कानात कापूस घातलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. दादांच्या हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी कार्ड ठिपकेवाल्यात गेलं. दादा शिडीवर चढले, लंबू स्टुलावर. डब्यातून काकूंचा आवाज आला आणि अख्खा दवाखाना भरला. लंबूनं तर टोपीच काढली. "नदीला धुकं होतं. थोरली पलीकडच्या काठावर उभी राहिली होती. बापानं वल्हं उचललं आणि म्हणाला..."

"तांदूळ कुठं ठेवलेत हिनं."

लंबूचा रोलर थांबला. "बाप तांदूळ विचारतोय?"

"तो मी आहे," दादा म्हणाले.

पुढं पातेलं पडलं. नळ सुरू झाला तो बंदच होईना. थोरली नदीपलीकडून हाक मारत होती आणि दादा तिच्या हाकेवर कुठलंसं जुनं गाणं म्हणत होते, सूर सोडून. मग एका मांजराला त्यांनी जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. लंबू स्टुलावरून उतरला, भिंतीला पाठ लावून बसला आणि पोट धरून हसला. ताज्या प्रायमरवर त्याच्या पाठीचा ठसा उमटला तो नंतर परत मारावा लागला.

मग डब्यात नळ बंद झाला. काकू वाचत होत्या, आणि त्यांच्या आवाजाच्या अलीकडून दादांचा आवाज आला, मोठ्यानं, घरात नेहमी म्हणायचे तसा: "अगं, ऐकलंस का, जेवायला वाढतो." थोडा वेळ नुसतं वाचन. आणि मग हळू आवाजात, स्वतःशीच: "हां. विसरलोच."

लंबू उठला आणि छताकडे तोंड करून कामाला लागला. दादांनी भिंतीचा जो कोपरा घासून झाला होता तोच पुन्हा घासला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "जेवलात?"

"ते राहू दे," दादा म्हणाले. "तुझ्या त्या नावाड्याला मला एक सांगायचंय. मुलगी समोर उभी, हाक मारतेय, आणि हा वल्हं पुसत बसलाय. वल्हं काय पुसायची वस्तू आहे?"

मग काकू म्हणाल्या, "ऐकलंत तर."

"ऐकलं."

"त्याला लाज वाटते हो. हात कुठं ठेवावेत कळत नाही, म्हणून पुसतो."

"लाज वाटते तर खाली उतरावं."

"तुम्ही उतरला असतात?"

"मी पोहत गेलो असतो."

"तुम्हाला पोहता कुठं येतं," काकू म्हणाल्या, आणि मागून मुलीचं हसणं ऐकू आलं. अशी गाडी रुळावर आल्यावर दादांनी हळूहळू सगळं सांगून टाकलं. आधी फोनचं भरपूर कौतुक केलं, बाळाचे फोटो कसे क्षणात दिसतात ते सांगितलं, मग पुट्टी, नाक आणि कापूस. आणि ठिपकेवाला फोनला लावून तो भाग ऐकवला.

मग काकूंचा आवाज आला, घाबराघुबरा: "अहो, नळ बंद करा आधी."

"तो कालचा नळ आहे गं."

त्यावर काकू खूप हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "मला तेच पाठवा. अख्खं. माझं वाचन मला पाठ आहे, पण माझं घर नाही ऐकलं कित्येक दिवसांत."

जावई मधे आले. "बाबा, मला वाटलं नव्हतं की असं... मी बघायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही हो. फोन चांगलाच आहे. फक्त माझं तोंड कामावरचं आहे, आणि त्याला घरचं लागतं."

दादांनी कार्डाची नक्कल काडेपेटीत घालून लंबूच्या मेव्हण्याबरोबर पाठवली, तोच कोंबड्यांवाला, तो त्या बाजूला जाणारच होता. काडेपेटी पोचली आणि जावयांच्या घरात पंचाईत झाली. टीव्ही मोठा, फोन सगळ्यांकडे, बोलणारा गोल दिवासुद्धा, पण नखाएवढं कार्ड घालायला एकाही वस्तूला भोक नाही. जावई ते चिमटीत धरून ह्या खोलीतून त्या खोलीत फिरले. शेवटी खाली जाऊन इमारतीच्या राखणदाराचा कार्ड घालायचा रेडिओ मागून आणला. राखणदार रेडिओबरोबर स्वतःही वर आला, कारण तो रेडिओ एकटा कुठं पाठवत नसे. दारातच बसून ऐकू लागला, आणि काकूंनी मागचं थोडक्यात सांगितल्यावर तोही नावाड्यावर चिडला. नंतर तो रोज दुपारी विचारायला वर येई, थोरलीचं काय झालं म्हणून.

जावई फोनवर दादांना म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी काहीतरी भोक असलेलं आणतो."

"स्क्रूही असू द्या," दादा म्हणाले.

त्यानंतर काकूंच्या वाचनात फरक पडला. घरात काय काय सापडत नाही हे त्यांना त्या कार्डावरून सगळं कळलं होतं. त्यामुळं दवाखान्यात आता असं ऐकू येई: "थोरलीनं मागं वळून पाहिलं. अहो, मीठ खिडकीतल्या डब्यात आहे, निळं झाकण. बाप होडीत उभा राहिला." अडचण एवढीच की हे सगळं संध्याकाळी स्वयंपाकघरात वाजे तेव्हा दादांच्या कानात कापूस असे. मीठ कुठं आहे ते त्यांना दुसऱ्या दिवशी शिडीवर कळे, आणि घरी पोचेपर्यंत ते विसरलेले असत. काम आटोपून निघताना लंबू आठवण करून देई, "दादा, निळं झाकण."

डॉक्टरांच्या भिंतींवर दुसरा हात फिरत असताना नावाडी एकदाचा पलीकडच्या काठाला उतरला. कसा, कशामुळं, ते इथं सांगत नाही, पुस्तक जाड आहे आणि वाचण्यात काकूंची सर कोणाला नाही. लंबूनं डोळे पुसले आणि भुकटी गेली म्हणाला. पण त्या दिवशी भुकटी कुठली? घासायचं काम कधीच संपलं होतं.

संध्याकाळी दादांनी फोन उचलला आणि म्हणाले, "फार उशीर केला त्यानं."

"उतरला ना पण," काकू म्हणाल्या.

"उतरला, पण आधी होडी बांधत बसला. मुलगी पाण्यात उतरून आली तरी ह्याची गाठ चालूच."

"होडी वाहून गेली असती तर परत कसा गेला असता?"

"परत जायची घाई काय होती त्याला?"

"हे तुम्ही म्हणताय? लेकीकडे आलात की दुसऱ्या दिवशी भिंती आठवतात तुम्हाला."

"त्यांच्या भिंती बघून आठवतात. एकच हात मारलाय."

बाळ रडायला लागलं. मुलगी म्हणाली, "आई, दे तो फोन, बाबांना जेवू दे." पण काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि दादांना गाठ मारण्याबद्दल अजून बरंच सांगायचं राहिलं होतं ते सांगू लागल्या. इकडे भात निवून गेला. बिनमिठाचाच होता.